न वाळणारी माती

शाडूची मूर्ती हाताने घडविणाऱ्या कारागिराचे काम जवळून पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्याच्या हाताशी पाण्याचे भांडे असते आणि अर्धवट घडलेल्या मूर्तीवर ओले फडके टाकलेले असते. माती ओली आहे तोवरच ती हाताचे ऐकते. एकदा का ती सुकली, की तिला वळविता येत नाही. बळजबरी केली तर ती तडकते. मूर्तिकाराची याबद्दल मुळीच तक्रार नसते. मूर्ती कशी व्हावयाची हे त्याला आधीच ठाऊक असते. ती वाळावी, तिने रंग धरावा आणि विसर्जनाच्या वेळी पाण्यात विरघळून जावे, हेच त्याला हवे असते.

परंतु घडवावयाच्या वस्तूचा घाट अजून ठरलाच नसेल तर? आज एक वळण दिले, उद्या ते मोडून दुसरे दिले, आठवड्याने पुन्हा पहिलेच बरे वाटले, असे महिनोन्महिने चालणार असेल तर? अशा कामाला वाळणारी माती निरुपयोगी ठरते. मोटारगाडीचे बाह्य रूप ठरविणाऱ्या लोकांचे काम नेमके असे असते. त्यांनी वापरलेली माती न वाळणारी आहे, आणि तिची कथा मोठी वेधक आहे.

ओली माती वाळते म्हणजे काय होते? तिच्या कणांमधील पाणी वाफ होऊन हवेत निघून जाते, कण एकमेकांजवळ सरकतात, गोळा आकसतो आणि त्याला भेगा पडतात. यावर उपाय एकच. पाण्याच्या जागी असा पदार्थ घालावयाचा, की जो हवेत उडून जाणार नाही. तेल आणि मेण हे तसे पदार्थ होत. इंग्लंडमधील बाथ या गावी विल्यम हार्बट नावाचे कलाशिक्षक होते. आपल्या विद्यार्थ्यांना मूर्तिकाम शिकविताना ओल्या मातीचा जडपणा आणि तिचे वारंवार वाळणे यांचा त्यांना त्रास होई. त्यांनी खटपट करून १८९७ साली न वाळणारी माती तयार केली. तीच पुढे ‘प्लॅस्टिसिन’ या नावाने जगभरच्या मुलांच्या हाती गेली. जर्मनीतही त्या सुमारास अशाच जातीची माती निघाली होती. एका शिक्षकाने वर्गातील अडचण दूर करण्यासाठी केलेली वस्तू आणि प्रचंड कारखान्यांत वापरली जाणारी माती या एकाच कुळातील आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते.

मोटारींच्या कारखान्यात वापरतात ती माती मात्र खेळण्याच्या मातीहून कठीण असते. तिच्यात मेण, तेल आणि अतिशय बारीक दळलेली खनिजाची पूड असते. रंग बहुधा तपकिरी. पूर्वी तिच्यात गंधकही पुष्कळ असे. त्यामुळे ती गुळगुळीत तासली जाई. परंतु जेथे हे काम चाले तेथे गंधकाचा उग्र वास दरवळत राही. शिवाय गंधकाच्या सान्निध्यात काही जातींचे रबरी साचे घट्टच होत नाहीत. म्हणून आता बिनगंधकाची माती अनेक ठिकाणी वापरतात. या मातीचा खरा गुण तापविल्यावर कळतो. भट्टीत सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत ऊन केली, की ती लोण्यासारखी मऊ होते आणि तळहाताने दाबून पसरता येते. थंड झाली, की साबणाच्या वडीसारखी घट्ट होते. मग तिला तासता येते, खरवडता येते, तिच्यावर धारदार कडा काढता येते. चूक झाली तर तेवढा भाग काढून टाकावा, ऊन मातीचा नवा थर लावावा, की काम पुढे सुरू. नवा थर जुन्याशी एकजीव होतो; सांधा दिसत नाही.

ही माती मोटारींच्या कामात रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील हार्ली अर्ल या गृहस्थांना दिले जाते. त्यांचा जन्म १८९३ साली कॅलिफोर्नियात झाला. वडील घोडागाड्या बांधीत. मोटारी आल्यावर ते मोटारींचे सांगाडे आणि टप बांधू लागले. लहानपणी डोंगरात सुटी घालवीत असता पावसानंतर एका खळग्यात चिकणमाती साचली आणि हार्लीने तिच्या मोटारी घडविल्या, अशी एक आठवण सांगतात. पुढे तो वडिलांच्याच कामात शिरला. हॉलिवूड जवळच होते. चित्रपटांतील धनिक नटांना इतरांसारखी गाडी नको असे. आपली गाडी रस्त्यावर उठून दिसावी, असा त्यांचा हट्ट. त्यांच्यासाठी अर्ल एकेक गाडी मुद्दाम घडवीत.

त्या काळच्या मोठ्या कारखान्यांत निराळीच रीत होती. गाडीचे यंत्र, चाके, आसने, टप, दिवे हे भाग निरनिराळे लोक निरनिराळ्या ठिकाणी ठरवीत आणि शेवटी ते एकमेकांना जोडीत. त्यामुळे गाडी धावे चांगली. पण दिसे मात्र चार घरचे पाहुणे एका बाकावर बसविल्यासारखी. तिचा नमुना करावयाचा तो लाकडाचा, किंवा हातोडीने पत्रा ठोकून केलेला. लाकूड एकदा तासले की परत येत नाही, आणि ठोकलेला पत्रा बदलण्यात दिवस मोडतात. म्हणून पहिला नमुना बरा दिसला नाही, तरी ‘चालेल’ म्हणण्याकडेच लोकांचा कल होई.

अर्ल यांनी लाकडाऐवजी माती घेतली. गाडी म्हणजे तुकड्यांची जुळणी नसून एकच अखंड आकृती आहे, अशा नजरेने ते तिच्याकडे पाहत. जनरल मोटर्स कंपनीच्या कॅडिलॅक विभागाचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांनी त्यांचे काम पाहिले आणि एका नव्या गाडीचे रूप ठरविण्यासाठी त्यांना डेट्रॉइट शहरी बोलाविले. ‘लासाल’ नावाची ती गाडी १९२७ साली बाजारात आली आणि लोकांना फार आवडली. कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्याच वर्षी ‘कला आणि रंग’ असे नाव असलेला एक स्वतंत्र विभाग उघडला व तो अर्ल यांच्या हवाली केला. आरंभी त्यात ५० माणसे होती. इतर विभागांतील जुने अभियंते या मंडळींकडे काहीशा संशयाने पाहत; मोटारीच्या कारखान्यात चित्रकारांचे आणि मातीकाम करणाऱ्यांचे काय काम, असे त्यांना वाटे.

अर्ल चांगले सहा फूट चार इंच उंच होते. स्वतः रेखाटने करण्यापेक्षा ते दुसऱ्यांच्या रेखाटनांकडे आणि नमुन्यांकडे पाहत बसत आणि काय खटकते ते सांगत. ज्याला रेखाटन करावयाचे नाही त्याने दुसऱ्यांना सांगावे, हे विचित्र वाटेल. परंतु माती हाताशी असल्याने ही रीत चालून गेली. ‘ही कड थोडी खाली घ्या’ असे म्हणताच कारागीर ती खाली घेई, आणि सर्वांना ती तेथल्या तेथे दिसे. वाद घालण्यापेक्षा पाहणे सोपे झाले.

मातीचा नमुना तयार होतो कसा, ते आता पाहू. आधी कागदावर पुष्कळ चित्रे काढतात. त्यांतील निवडक चित्रांवरून खऱ्या गाडीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्याएवढे लहान नमुने करतात. त्यांतून एखाददुसरा पसंत पडला, म्हणजे पुरत्या आकाराचा नमुना हाती घेतात. तो आतून भरीव मातीचा नसतो. लोखंडाचा आणि लाकडाचा सांगाडा उभारून त्यावर हलक्या फोमचे ठोकळे बसवितात, आणि त्यांवर ऊन मातीचा थर चढवितात. हा थर पुष्कळदा दोनतीन सेंटीमीटरच जाडीचा असतो. तरी सगळ्या नमुन्याचे वजन टनांत मोजावे लागते.

मग खरवडण्याचे काम सुरू होते. दातेरी तासणीने उंचवटे काढावयाचे, सपाट पात्याने ओरखडे पुसावयाचे, आणि लांब लवचीक पोलादी पट्टी दोन्ही हातांनी वाकवून ती अंगावरून ओढावयाची, म्हणजे टपापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच वळण साधते. हे कारागीर आपली पुष्कळशी हत्यारे स्वतःच तयार करतात. कोणी जुन्या करवतीच्या पात्यालाही हवा तो आकार देतो. नमुना सपाट पायावर उभा असतो आणि दोन्ही बाजूंच्या रुळांवरून मापे घेणारी एक कमान सरकते. डावीकडे जेथे उंची जितकी, तेथे उजवीकडेही तितकीच हवी. कधी मुद्दामच एका बाजूला एक कल्पना आणि दुसऱ्या बाजूला दुसरी कल्पना साकारतात. पाहणारा एका बाजूने चालत गेला की एक गाडी दिसते. वळसा घालून आला की दुसरी!

कागदावरील चित्र पाहणाऱ्याला फसवू शकते. चित्रकाराच्या हातून चाके जरा मोठी होतात, टप जरा बसका होतो, आणि गाडी बाणासारखी दिसू लागते. माती अशी लबाडी खपवून घेत नाही. यंत्राला किती जागा लागते, चाके कोठे येतात, आत बसलेल्या माणसाचे डोके टपाला लागता कामा नये, ही मापे आधीच बांधलेली असतात. चित्रातील डौल आणि ही मापे यांची गाठ घालून देण्याचे काम मातीकाम करणाऱ्याला करावे लागते. त्याच्या बोटांनी अर्ध्या सेंटीमीटरची तडजोड शोधली नसती, तर पुष्कळशा देखण्या गाड्या कागदावरच राहिल्या असत्या. गाडीची स्तुती होते तेव्हा आराखडा काढणाऱ्याचे नाव छापून येते. खरवडणाऱ्याचे येत नाही. हे काही न्यायाचे वाटत नाही.

तपकिरी मातीवर डोळा फार वेळ ठरत नाही, आणि तिच्यावरील दोष झाकून जातात. म्हणून तिच्यावर रंगीत किंवा चंदेरी पातळ चकचकीत कागदासारखे आवरण ताणून बसवितात. मग तो नमुना रंगविलेल्या खऱ्या गाडीसारखा दिसतो. आता सारे लक्ष चकाकीकडे. पोचा आलेला पितळी तांब्या हाताला ठीक लागतो; पण उजेडात धरला, की त्यावरील प्रकाशाची रेषा पोच्यापाशी वाकडी होते. अगदी त्याचप्रमाणे गाडीच्या अंगावरून धावणाऱ्या प्रकाशाच्या रेषेकडे हे लोक पाहत राहतात. रेषा कोठे अडखळली, की तेथील माती पुन्हा खरवडावयाची. एवढ्याने भागत नाही. नमुना चाकांवर ढकलून उघड्या अंगणात नेतात. कारण गाडी आयुष्यभर दिव्याखाली नव्हे, तर उन्हातच फिरणार असते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर १९२९ सालच्या ब्युइक गाडीने दिले आहे. ब्युइक हा जनरल मोटर्सचाच एक विभाग. त्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून काढलेल्या या गाडीचे रूप अर्ल यांच्या विभागाने ठरविले होते. खिडक्यांखालच्या कमररेषेपासून गाडीच्या अंगाला किंचित बाहेर झुकणारे गोलसर वळण त्यांनी दिले होते. नमुन्यात ते शोभून दिसत होते. पुढे कारखान्यात काम गेल्यावर तेथील लोकांनी आपल्या सोयीसाठी काही मापे बदलली. अर्ल यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, बाजूचे पत्रे तळाशी आराखड्यापेक्षा अधिक आत घेतले गेले आणि गाडीची उंची पाच इंचांनी वाढली. प्रत्येक बदल ज्याच्या त्याच्या दृष्टीने योग्यच असेल. परंतु सगळे मिळून काय झाले, ते मातीत पुन्हा कोणी करून पाहिले नाही. ते शोभिवंत वळण बिघडले आणि कमररेषेखालचा भाग फुगल्यासारखा दिसू लागला. फुगवटा होता अवघा सव्वा इंचाचा!

अर्ल यांना हे कळले ते तयार गाड्या दिसल्यावरच. ते फार संतापले. पण तोपर्यंत पत्रे दाबण्याचे पोलादी साचे तयार झालेले होते आणि गाड्या बाहेर पडू लागल्या होत्या. यंत्रे उत्तम असूनही त्या गाडीच्या फुगलेल्या कुशींची लोकांनी यथेच्छ थट्टा केली. विक्री घसरली. कंपनीला तो घाट लगेच पुढच्या वर्षी टाकून द्यावा लागला. मातीत सव्वा इंच काढावयाला एक दुपार पुरली असती. पोलादात तेच करावयाचे म्हणजे प्रचंड साचे नव्याने कोरावे लागतात, आणि त्यासाठी महिने आणि अफाट पैसा लागतो. स्लोन यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नमूद केला आहे. मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाने आपल्याच गाडीचे अपयश असे उघडपणे लिहावे, ही गोष्ट दुर्मीळ आहे.

अर्ल १९५८ साली निवृत्त झाले. तोवर मातीचा नमुना करण्याची रीत जगातील बहुतेक मोठ्या मोटार कारखान्यांत रुळली होती. मोटारींपुरतीच ती राहिली नाही. मोटारसायकली आणि घरगुती यंत्रे यांचेही घाट असेच मातीत ठरू लागले.

पुढे संगणक आला. पडद्यावर गाडी फिरविता येऊ लागली, तिचा रंग क्षणात बदलता येऊ लागला. १९९० नंतर हे काम इतके वाढले, की आता मातीची गरज उरणार नाही, असे पुष्कळांना वाटले. तसे झाले नाही. संगणकाने आखलेला घाट आता यंत्राचे फिरते पाते मातीत कोरून देते. त्यामुळे पूर्वी अनेक आठवडे लागणारे पहिले खडबडीत काम थोड्या दिवसांत होते. नंतर कारागीर हाताने त्यात फेरफार करतो आणि प्रकाशकिरणांनी मापे घेणारे यंत्र तो बदललेला घाट परत संगणकात पोचविते. माती आणि पडदा यांच्यात अशी ये-जा सुरू राहते. पडद्यावर पर्वत आणि पेन्सिल सारख्याच आकाराची दिसू शकतात. गाडी आपल्यासमोर उभी राहिली म्हणजे ती केवढी वाटते, तिच्याभोवती चालताना तिचे खांदे कसे वळतात, तिच्या पाठीवरून हात फिरविला तर तो कोठे थबकतो, हे पडद्यावरून नीटसे उमगत नाही. डोळ्यांवर यंत्र चढवून आभासी गाडी पाहण्याची सोयही आता झाली आहे. तरीसुद्धा काही कोटी रुपयांचे साचे कोरण्याची आज्ञा देण्यापूर्वी वरिष्ठ मंडळी पुष्कळदा मातीच्या गाडीभोवतीच एक फेरी मारतात.

घाट एकदा कायम झाला, की त्याची सूक्ष्म मापे नोंदवून घेतात आणि साचे करण्याचे काम सुरू होते. मातीच्या गाडीचे काम तेथे संपते. तिला कोणी काचेच्या कपाटात ठेवीत नाही. ठेवण्याजोगी जागाही नसते. एके दिवशी कारागीर येतो, चकचकीत आवरण सोलून काढतो आणि ज्या वळणासाठी त्याने आठवडे घालविले ते मोठ्या खरवडणीने उतरवू लागतो. सांगाडा पुन्हा उघडा पडतो. स्वच्छ निघालेली माती परत भट्टीत ठेवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मऊ झालेली असते.

स्वाध्याय

१. शाडूची माती वाळते आणि मेणाची माती वाळत नाही, याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.
२. लाकडी नमुना बरा दिसला नाही तरी लोक ‘चालेल’ का म्हणत?
३. १९२९ सालच्या ब्युइक गाडीत चूक नेमकी कोणाची होती, असे तुम्हाला वाटते? कारणे द्या.
४. ‘चार घरचे पाहुणे एका बाकावर बसविल्यासारखी’ ही उपमा कोणत्या गाड्यांना दिली आहे? ती कितपत योग्य वाटते?
५. घरातील एखादे चकचकीत भांडे खिडकीजवळ धरून हळूहळू फिरवा आणि त्यावरील प्रकाशाच्या रेषेचे वर्णन आठ-दहा ओळींत लिहा.